चंद्रवदना चूर्ण

एखादा मनुष्य तिरस्कारास पात्र असणे ही एक गोष्ट, आणि त्याचा तिरस्कार केल्याने आपण निर्दोष ठरणे ही दुसरी. शिकलेल्या माणसांस या दोहोंतला भेद दिसत नाही. मला तरी साठी उलटेपर्यंत दिसला नव्हता. भोंदूस भोंदू म्हणणे सत्यास धरूनच आहे. परंतु ते सत्य उच्चारताना आपल्या वाक्याच्या टोकाला कोणाचा प्राण बांधलेला आहे, हे जो पाहत नाही, त्याने भोंदूपासून फार दूर आसन मांडू नये. पुढील वृत्तांतात तुच्छ मानावीत अशी दोन माणसे आहेत. एक मधुकर. दुसरा मी. आदर धरावा अशी माणसे त्यांहून अधिक आहेत, एवढीच समाधानाची बाब.

जव्हार संस्थान विलीन झाले, त्याच वर्षी आमची संस्कृत पाठशाळा मिटली. मी तिचा शेवटचा शिक्षक. साखरशेतचा पुंजा तिचा शेवटचा शिपाई. पुंजा जी घंटा वाजवीत असे, ती नव्या कारकुनाने यादीत लिहून घेतली: ‘पितळी घंटा, एक, जुनी’. पुंजा आपल्या भाताच्या खाचरांकडे परतला, मी माझ्या ओट्यावर बसलो. माझ्यासारखे ओट्यावर बसलेले गावात पुष्कळ होते. संस्थानच्या कचेरीत वरून हुकूम येत, तोवर ते कामे करीत. हुकूम ठाण्याहून परस्पर सुटू लागले, तसे यांचे काम सुटले. पहिल्या वर्षी ते रोज नेमाने पगडी बांधीत. पुढे पगडी गेली, मग लेखणी गेली, आणि दहा वर्षांत त्यांतल्या कित्येकांना साधा अर्ज नीट लिहिता येईनासा झाला. हे मी मुद्दाम नमूद करतो. पुढे त्याचे काम पडेल.

अशा गावात मधुकर आला. मुंबईच्या एका औषधांच्या वखारीत आठ वर्षे खोकी उचलून तो परतला, तो डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा आणि नावामागे ‘वैद्यराज’ ही पदवी घेऊन. ही पदवी त्यास कोणी दिली, असे विचारण्याचे धाडस गावाने केले नाही. ज्या माणसांचे मुजरे करण्याचे एक ठिकाण नुकतेच गेले होते, त्यांना दुसरे ठिकाण हवेच होते. सहा महिन्यांत मामलेदार कचेरीतले कारकून त्यास ओट्यावर खुर्ची देऊ लागले, आणि खोडाळ्याच्या बाजारात त्याच्या चटईभोवती भाजीवाल्यांहून अधिक गर्दी होऊ लागली. त्याचे एकच औषध होते, सांधेदुखीचे. पांढुरके, किंचित कडू, गुळवेलीचा वास असलेले.

त्या औषधाला नाव नव्हते. नावासाठी तो माझ्याकडे आला.

ओट्याच्या पायरीशीच त्याने साष्टांग नमस्कार घातला. “शास्त्रीबुवा, औषध आहे, गुण आहे. नाव तेवढं नाही. देववाणीतलं नाव द्यायचं तर ते तुमच्याच तोंडून यावं.”

“त्यात आहे काय?” मी विचारले.

“गुळवेलीचं सत्त्व, सुंठ, आणि गुरुपरंपरेतलं एक भस्म.”

“कोणते भस्म?”

“ते उघड करायचं नाही, असा गुरूंचा दंडक आहे.”

“गुरू कोण?”

“तेही,” तो म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला.

येथे मी त्यास घालवून द्यावयास हवे होते. परंतु पाठशाळा मिटल्यापासून मला कोणी साष्टांग नमस्कार घातला नव्हता. शिवाय त्याचे औषध घेणाऱ्या दोन स्त्रिया मी गावात पाहिल्या होत्या. महिन्या-दोन महिन्यांत त्यांची मुखे भरून आली होती, गाल तुकतुकीत, वर्तुळाकार. जणू पूर्णिमेचा चंद्र. मी म्हणालो, “चंद्रवदना चूर्ण असे म्हण.” आणि त्याने न मागता अर्धा श्लोकही रचून दिला:

सन्धिपीडाहरं चूर्णं मुखचन्द्रप्रकाशनम्।

सांध्यांची पीडा हरण करणारे, मुखरूपी चंद्रास प्रकाशित करणारे. वृत्त निर्दोष होते. त्या दिवशी मी दोन घास अधिक जेवलो.

पुडीवर तो श्लोक तांबड्या शाईत छापला गेला, आणि ती पुडी साखरशेतला पुंजाच्या घरी पोचली.

पुंजाची बायको गोदा तेव्हा तिशीच्या आतबाहेर होती. दोन वर्षांपासून तिच्या बोटांचे सांधे सुजत. सकाळी मूठ मिटत नसे. लावणीच्या दिवसांत रोप चिमटीत धरवत नसे. शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ काय, हे सांगावे लागत नाही. पुंजाने खोडाळ्याहून पुड्या आणल्या, आणि आठव्या दिवशी गोदा जात्यावर बसली. पुढच्या पावसाळ्यात तिने सर्वांबरोबर लावणी केली. तिचे तोंड भरले. सासू बुधी साऱ्या पाड्याला सांगत सुटली, “माझ्या सुनंनी बाळसा धरला.” बायका पुंजाला अडवून विचारीत, “पुंजा, चोरून गूळ चारतोस कं तिला?” पुंजा लाजे आणि मनातून फुगे.

एकदा मी साखरशेतला गेलो असता गोदेने पुडी सोडली ती माझ्या देखत. आधी तिने पुडी कपाळाला लावली, तांबड्या अक्षरांवरून बोट फिरविले, आणि मग चूर्ण तोंडात टाकले.

“हे काय करतेस?” मी विचारले.

“तुमचा मंतर हाय ना, बुवा,” ती म्हणाली. “औषध त्याचा असंल, पण गुण मंतराचा. तुमचा नाव आयकला म्हणून घेतला मी, नायतर त्या चष्मेवाल्याचा कोण खातो.”

हा मंत्र नव्हे, जाहिरात आहे, असे मी तिला सांगावयास हवे होते. मी ‘कल्याण असो’ म्हणालो आणि चहा घेतला नाही, कारण त्या घरचे पाणी मी कधी घेत नसे.

असे दोन वर्षे चालले. सन अठ्ठावन्नच्या आश्विनात मी मधुकरच्या घरी गेलो. कारण सांगताना आज लाज वाटते. नव्या पुड्यांवर ‘पीडा’ शब्दातली वेलांटी ऱ्हस्व छापली गेली होती, आणि ती दुरुस्त करविल्याशिवाय मला चैन पडत नव्हते.

मधुकर मागल्या पडवीत खलापुढे बसला होता. शेजारी पत्र्याचा एक डबा उघडा होता, आणि डब्यात टपोऱ्या ज्वारीएवढ्या पांढऱ्या चपट्या गोळ्या होत्या. तो त्या मुठीने खलात टाकून कुटत होता.

“हे काय?” मी विचारले.

“भस्म,” मान वर न करता तो म्हणाला.

“भस्मावर इंग्रजी अक्षरे उमटलेली असतात?”

तेव्हा त्याने वर पाहिले आणि तो हसला. मला आजही ते हसू सर्वांत अधिक घृणास्पद वाटते, कारण त्यात भीती नव्हती. “शास्त्रीबुवा, गुण येतो ना? बाया उठून कामाला लागतात ना? इंग्रजी म्हटलं की यांना सुई आठवते. संस्कृत म्हटलं की हात जोडतात. तुम्ही आणि मी दोघांनी मिळून…”

त्या ‘दोघांनी मिळून’ या शब्दांनी माझे मस्तक फिरले. मी बाहेर आलो आणि त्याच्या ओट्यावर थुंकलो. हे मी आयुष्यात प्रथम केले. तो दारापर्यंत आला. “बुवा, एक ऐकून जा. ते औषध…”

“तुझा शब्द कानी पडणे हादेखील विटाळ आहे,” मी म्हणालो आणि तडक साखरशेतची वाट धरली.

गोदा अंगणात सूप घेऊन बसली होती. पुंजा आणि बुधीही होती. मी सर्व सांगितले: मधुकर लबाड आहे, चूर्णात विलायती विष आहे, आजपासून कणभरही घ्यावयाचे नाही.

गोदा गोंधळली. “पण तुमचा मंतर हाय ना त्याच्यावर?”

“मंत्र मी काढून घेतला,” मी म्हणालो. जणू तो तेथे कधी होता.

पुंजा डोके खाजवीत म्हणाला, “बुवा, थोडा थोडा कमी करू कं? बैलाचा दाणा तोडायचा तरी आमी एकदम नाय तोडीत. बैल बसतो.”

“गोदा बैल नव्हे,” मी म्हणालो, “आणि विष थोडे थोडे सोडावयाचे नसते.”

वाक्य ठसठशीत होते. पुंजाने हट्ट धरला नाही; अठरा वर्षे त्याने माझी वाक्ये ऐकली होती. परंतु माझे समाधान होईना. दुखू लागले की ही पुन्हा पुडी काढील, असे मला वाटले. त्या घरात कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, शपथ सर्वांहून मोठी मानतात. मी त्या देवीस कधी नमस्कार केला नव्हता. पोथीत जिचे नाव नाही ती देवता कसली, असे मी पाठशाळेत हसून म्हणत असे. त्या दिवशी मात्र ती मला उपयोगाची वाटली. मी गोदेस मुठीत तांदूळ घ्यावयास लावले. तिने बुधीकडे पाहिले, मग पुंजाकडे, आणि मूठ छातीशी धरून म्हणाली, “कणसरीची आण. परत नाय खाणार.”

पुड्या ओहोळात सोडल्या. संध्याकाळी मी शिरपामाळावर फिरावयास गेलो आणि दोन परिचितांना मधुकरची कथा अशा रीतीने सांगितली की तीत माझ्या श्लोकाचा उल्लेख आला नाही.

तिसऱ्या दिवशी गोदेचे सांधे पूर्ववत् ठणकू लागले. चौथ्या दिवशी अन्न ठरेना. पाचव्या दिवशी हळव्या भाताची कापणी निघाली, म्हणून ती तशीच शेतात गेली, आणि हातातला विळा सटकून डाव्या पोटरीत शिरला. दुसरी कोणी असती तर चिंधी बांधून चार दिवस लंगडली असती. गोदा सातव्या दिवशी तापाने फणफणली, उठून बसली की तिचे डोळे पांढरे होत. पुंजाने तिला झोळीत घातले, आणि भर दुपारी ती झोळी माझ्या ओट्यापुढे टेकली.

“चला, बुवा,” पुंजा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “एक पुडी राहिली होती आढ्याला. मी दिली, तर दात मिटून बसली. आण तुमी घातली. तुमीच चला.”

सरकारी दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर आशालताबाई होत्या. नुकत्याच आलेल्या, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, बोलण्यात काटकसरी. गोदेच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी पारा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि परिचारिकेस मिठाच्या पाण्याची बाटली लावावयास सांगितली. मग गोदेच्या मुखाकडे पाहत राहिल्या. गोल, भरलेले, आता मेणासारखे पांढरे झालेले ते मुख. त्यांनी तिचा हात उचलला. तो काठीसारखा बारीक होता. दोन वर्षांत मुखाकडे पाहता पाहता हातापायांकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

“हिला कुठलं औषध चालू होतं?”

पुंजाने आढ्यावरची पुडी पुढे केली. बाईंनी चूर्ण बोटावर घेऊन पाहिले, मग पुडी उलटून मोठ्याने वाचले, “मुखचंद्र… काय आहे हे?”

“मुखचन्द्रप्रकाशनम्,” मी म्हणालो. “मुखरूपी चंद्रास…”

“कुणी लिहिलं?”

“मी.”

“छान लिहिलंय. आमच्या पुस्तकातही या तोंडाला चंद्रासारखं तोंडच म्हणतात, शास्त्रीबुवा. फक्त तिथे ती स्तुती नाही. प्रेडनिसोलोन नावाची विलायती गोळी फार दिवस पोटात गेली, की तोंड असं होतं. पुस्तकात ते धोक्याच्या खुणांच्या यादीत आहे.”

“आणि बंद कधी केलं?”

“आज सात दिवस झाले,” पुंजा म्हणाला. “बुवांनी केला बंद.”

“एकदम?”

“मी म्हनलो होतो थोडा थोडा. बैलाचा दाणा…”

“तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं, दादा,” बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. पुढचे त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितले, नाडीवरचे बोट न काढता. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. ताप आला, जखम झाली, उपास घडला, माणूस भ्याले, की त्या एक रस रक्तात अधिक सोडतात, आणि त्या रसाच्या बळावर शरीर तो आघात सोसते. मेंदूच्या तळाशी आणखी एक ग्रंथी आहे. ती त्यांना हुकूम पाठवते. पण तोच रस गोळीतून बाहेरून येऊ लागला, की वरची ग्रंथी हुकूम पाठवणे थांबवते. हुकूम नाही म्हणून खाली काम नाही. दोन वर्षे काम नाही, म्हणून त्या ग्रंथी सुकून बारीक होतात.

“वृक्कांच्या वर, म्हणजे त्यांस अधिवृक्क…” मी बोलून गेलो.

“नाव नंतर ठेवा,” त्या म्हणाल्या. “आज हिला जखम आहे, ताप आहे. धडधाकट बाईच्या ग्रंथींनी या वेळी चौपट रस ओतला असता. हिच्या ग्रंथी ओतणार कुठून? त्यांना काम आठवत नाही. बाहेरचा आधार तुम्ही एका दिवसात काढून घेतलात.”

माझ्या डोळ्यांपुढे ओट्यांवर बसलेले ते संस्थानी कारकून उभे राहिले. एखाद्या सकाळी ठाण्याची कचेरी नाहीशी झाली असती आणि कोणी त्यांना म्हटले असते, ‘उठा, राज्य चालवा’, तर काय झाले असते? दहा वर्षे मी त्यांना हसत होतो.

“आता उपाय?” पुंजाने विचारले.

“तेच औषध. आत्ता, आणि जास्त. सुई ठाण्याहून येईल, तार करते. पण ती उद्या. या पुडीत किती औषध आहे ते कळत नाही, आणि माझ्या कपाटात ह्या गोळ्या नाहीत, नवीन औषध आहे. गावात कुणाकडे आहेत?”

हे पुंजास ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

मधुकरच्या ओट्यावर मी थुंकलो होतो ती जागा शेणाने सारवलेली होती. तो खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मी धावत आलो होतो.

“बसा,” तो म्हणाला. “की विटाळ होईल?”

“गोळ्या दे. गोदा मरते आहे.”

“पुंजाची? कधी बंद केलंत?”

“सात दिवस झाले.”

“सात.” त्याने पेपराची घडी घातली. “बरीच टिकली.”

“तुला ठाऊक होते?”

तो आत गेला आणि डबा घेऊन आला. डब्याबरोबर एक पातळ, इंग्रजी अक्षरांनी भरलेला कागद होता. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. “इथे लिहिलंय. एकाएकी बंद करू नये. मी वखारीत होतो, बुवा. खोकी उचलली, तशी आतले कागदही वाचले. तुम्हाला सांगायला दारापर्यंत आलो होतो. तुम्हाला ऐकायचं नव्हतं.”

“मग साखरशेतला जाऊन सांगायचे होतेस. सात दिवस होते.”

“मी का जाऊ?” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही माझ्या ओट्यावर थुंकलात. गाव म्हणत होतं, शास्त्रीबुवांनी वैद्याची लबाडी उघडी पाडली. म्हटलं, पाहू या, शास्त्रीबुवांच्या औषधाने काय होतं.”

मी त्या माणसाकडे पाहिले. आजवर मी त्यास मूर्ख लबाड समजत होतो, आणि मूर्खाविषयी मनात थोडी क्षमा असते. हा तर वाचलेला होता. त्यास ती ओळ ठाऊक होती, गोदेचे घर ठाऊक होते, आणि वाट चार कोसांचीही नव्हती. तिच्या प्राणांचा त्याने आमच्या भांडणात सोंगटीसारखा उपयोग केला. त्याच्याविषयी मला वाटलेली घृणा आजही तसूभर कमी झालेली नाही, आणि ती कमी करण्याची मला इच्छाही नाही. परंतु त्याच क्षणी मला हेही दिसले, की त्या पटावर पहिली सोंगटी मी मांडली होती.

मी दोन्ही हात जोडले. “किती घालत होतास, तेवढे सांग.”

“दिवसाला तीन गोळ्या पोटात जातील अशा बेताने.” त्याने डबा माझ्या हाती दिला. “घ्या. आणि बुवा, ती वेलांटी दुरुस्त करायची राहिली.”

दवाखान्यात पोचेपर्यंत बुधीही साखरशेतहून चालत आली होती. आशालताबाईंनी गोळ्या मोजून साखरेच्या पाण्यात विरघळविल्या आणि चमचा गोदेच्या ओठांशी नेला. गोदेने डोळे उघडले. चमच्यातले पांढरे पाणी पाहिले आणि दात मिटून घेतले.

“गोदा, घे,” पुंजा म्हणाला.

तिने मान हलविली. “आण हाय,” एवढेच पुटपुटली.

“कसली आण?” बाईंनी विचारले. पुंजाने सांगितले. बाईंनी कपाळाला हात लावला. “हिला शुद्ध धड नाही. जबरदस्तीने ओतलं तर श्वासात जाईल. हिनं आपणहून गिळायला हवं, आणि लवकर.”

मी पलंगाशी वाकलो. “गोदा, मी सांगतो. माझी आज्ञा आहे. शपथ सुटली.”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत अविश्वास नव्हता, कीव होती. “तुमची नाय ती, बुवा,” ती म्हणाली. “कणसरीची हाय.”

पंचेचाळीस वर्षे मी वेदवेदान्त घोकला. देवतेची शपथ मनुष्याच्या आज्ञेने सुटत नाही, एवढे मूळ तत्त्व त्या पलंगावरून मला शिकविले गेले. मी बुधीकडे वळलो. “आजी, तुमच्या घरात आण सोडवतात कशी?”

बुधीने मला न्याहाळले. “ज्यानी घातली त्यानी मागून घ्यायची. तिच्या घरचा दाणा तिच्या हातून खायचा, न् म्हनायचा, आण माझ्या पोटात गेली. मग तिच्यावर नाय राहत. मग काय व्हायचा तो त्याला व्हतो.” मग ती म्हणाली, “पण तुमी आमचा पाणी पन नाय घेत.”

“दाणा आहे?”

तिच्या कनवटीला नव्या भाताचे तांदूळ होते. दवाखान्याच्या वाटेत देवीला वाहण्यासाठी घेतलेले. तिने चिमूटभर गोदेच्या तळहातावर ठेवले. गोदेला हात उचलवेना, म्हणून मी खाली बसलो आणि माझे तोंड त्या हातापर्यंत नेले. कच्चे तांदूळ होते, त्यांना घामाचा आणि औषधाचा वास होता. मी चावले. “कणसरीमाय,” मी म्हणालो, आणि तो शब्द प्रथमच न हसता उच्चारला, “ही आण माझी होती. ती माझ्या पोटात गेली. हिच्यावर काही ठेवू नको.”

दवाखान्यातली माणसे पाहत होती. त्यांत कचेरीतले दोघे कारकून होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. ढोसू दे.

गोदेने बुधीकडे पाहिले. बुधीने मान हलविली. मग गोदेने तोंड उघडले.

दिवस कलायच्या सुमारास रक्तदाबाचा पारा वर चढू लागला. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून सुई आली. चौथ्या दिवशी गोदेने पेज मागितली आणि पोटरीच्या जखमेविषयी परिचारिकेशी भांडली. आशालताबाई म्हणाल्या, “आता ही सुटली.” मग मला म्हणाल्या, “सुटली म्हणजे औषध सुटलं नव्हे. ह्या गोळ्या मी महिन्यामहिन्याला थोड्या कमी करीन. वर्ष लागेल, जास्तही लागेल. ग्रंथी जागी होईल तेव्हा होईल. तोवर ताप, जखम, काहीही झालं तर लगेच इथे. आणि शास्त्रीबुवा, कुणी कुणाला शपथ घालायची नाही.”

मधुकरविषयी बाईंनी वर लिहिले. तो त्याआधीच दुकान आवरून गेला. कोठेतरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या शास्त्र्याकडून, दुसरा श्लोक घेऊन बसला असेल. अशा माणसांना शास्त्री मिळण्यास कधी अडचण पडत नाही. गावाने त्याची खुर्ची आत उचलून ठेवली आणि आपण त्यास कधीच मानले नव्हते असे ठरविले. मी मात्र ज्या ज्या घरी त्या पुड्या होत्या, तेथे तेथे गेलो. या वेळी मी कोणास शपथ घातली नाही. प्रत्येकीस दवाखान्याची वाट दाखविली आणि श्लोक माझा आहे, तो मंत्र नाही, असे सांगितले. काहींनी ऐकले. एका म्हातारीने विचारले, “मग एवढा गोड कशाला लिवला?”

चैत्रात मी साखरशेतला गेलो. गोदेचे मुख उतरले होते. गालांची हाडे दिसू लागली होती. सांधे पुन्हा दुखत होते, मूठ अर्धीच मिटत होती. पाड्यातल्या बायका हळहळत, की गोदेचा बाळसा गेला. बुधी त्यांना म्हणे, “तो बाळसा नव्हता, सूज व्हती. आमच्या बुवांनीच तिला चांद म्हटला होता.” हे ती माझ्या समोर म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी प्यालो.

गोदेने बाईंनी दिलेली चिठ्ठी दाखविली. रोज घ्यावयाचा गोळीचा चतकोर तुकडाच आता शिल्लक होता. “बाई म्हनतात, आतली ती दोन आता हळूहळू उठतील,” ती म्हणाली. “लय दिवस निजलेली हाईत ना.”

उठोत. गोदेच्या त्या दोन लहानशा ग्रंथींना आपले काम आठवो, आणि तिच्या बोटांना लावणीपुरते बळ मिळो. पुंजाच्या कणगीत कणसरी नांदो. बुधीच्या शब्दास त्या घरात मान राहो, आशालताबाईंच्या हातास यश असो. मधुकरास, तो जेथे असेल तेथे, वाचलेली ओळ मोठ्याने वाचून दाखविण्याची बुद्धी होवो, आणि मला दारापर्यंत आलेला शब्द ऐकून घेण्याची. सर्वांचे कल्याण असो.